डिकीच्या कोपऱ्यात फायबरची सबवूफर पेटी: आधी घनफळ, मग आकार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेडान गाडीच्या डिकीत डाव्या बाजूला, चाकाच्या कमानीमागे जी खोलगट जागा नुसतीच पडून असते, तिथे १० इंची सबवूफर (खालचे खोल सूर वाजवणारा स्पीकर) बसवायचा आहे. चौकोनी पेटी ठेवली तर बॅगांना जागा उरत नाही. कापड ताणून त्यावर रेझिन (वाळल्यावर कडक होणारा द्रव) लावायची पद्धत तुम्ही पाहिली आहे. पण रेझिन कोणतं घ्यायचं, थर किती मारायचे आणि अशा वेड्यावाकड्या आकाराचं घनफळ मोजायचं कसं, इथे गाडी अडली आहे. मी घनफळापासून सुरुवात करतो. थर कमी पडले तर नंतर वाढवता येतात, पृष्ठभाग खडबडीत राहिला तर पुट्टीने भरता येतो. पेटी लहान झाली तर मात्र ती फोडूनच मोठी करावी लागते.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. फायबरमुळे, म्हणजे काचेचे तंतू आणि रेझिन यांच्या थरांमुळे, आवाज चांगला होतो हा गैरसमज आहे. तेवढ्याच घनफळाची १८ मिमी एमडीएफची (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीची) चौकोनी पेटी तितकीच चांगली वाजते, एका दिवसात होते आणि तिला वास येत नाही. फायबरची मेहनत फक्त एका कारणासाठी करायची: जी जागा चौकोनी पेटीला वापरताच येत नाही ती वापरण्यासाठी. तुमचा कोपरा नेमका तसा आहे, म्हणून मी हो म्हणतोय. डिकी सरळसोट असती तर एमडीएफच घ्या म्हणालो असतो.

आता सबवूफरसोबत आलेला कागद काढा. त्यावर क्यूटीएस (अनुनाद किती ठळक आहे ते सांगणारा ‘क्यू’), व्हीएएस (सबवूफरच्या लवचीकतेशी जुळणारं हवेचं घनफळ) आणि एफएस (मोकळ्या सबवूफरची अनुनाद वारंवारता) असे तीन आकडे असतात. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या अभियंत्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही मापं बंद पेटीसाठी पुरेशी आहेत. व्हीएएसला पेटीच्या घनफळाने भागा, त्यात १ मिळवा, त्याचं वर्गमूळ काढा. त्या संख्येने क्यूटीएसला गुणलं की पेटीतला क्यू मिळतो आणि एफएसला गुणलं की पेटीत बसवल्यानंतरची अनुनाद वारंवारता मिळते. उदाहरण म्हणून क्यूटीएस ०.५, व्हीएएस ३० लिटर आणि एफएस ३० हर्ट्झ धरा. ३० लिटरच्या पेटीत क्यू ०.७१ आणि अनुनाद ४२ हर्ट्झवर येतो. २० लिटरमध्ये ०.७९ आणि ४७. १० लिटरमध्ये क्यू थेट १ आणि अनुनाद ६० हर्ट्झ. म्हणजे पेटी जितकी लहान तितका खालचा खोल आवाज आटतो आणि वरच्या बाजूला एक ठसठशीत फुगवटा येतो. तोच ‘धब्ब’ आवाज अनेकांना पहिल्या दिवशी आवडतो आणि आठवड्याने नकोसा होतो. गाडीच्या बंद केबिनमुळे अगदी खालच्या वारंवारता आपोआप उचलल्या जातात, म्हणून ०.७ ते ०.९ च्या मध्ये कुठेही राहिलात तरी चालेल. आपण २० लिटर धरून चालू.

पोर्टची पेटी, म्हणजे हवेसाठी उघडी नळी ठेवलेली पेटी, या कामात करू नका असा माझा आग्रह आहे. पोर्टचं ट्यूनिंग घनफळावर फार नाजूकपणे अवलंबून असतं आणि फायबरमध्ये एक-दोन लिटरची चूक सहज होते. शिवाय ट्यूनिंगच्या वारंवारतेखाली कोनला (सबवूफरच्या पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधारच राहत नाही, तो मोकळा सुटतो. बंद पेटी अशा चुका पोटात घालते.

पेटीचा मागचा भाग गाडीतच थर मारून साचा म्हणून काढायचा आणि पुढचा भाग त्यावर कापड ताणून करायचा. त्यामुळे पुढचं काम पुठ्ठ्याचं, आणि ते कोणीही करत नाही. त्या खोलगट जागेच्या आकाराचा एक ओबडधोबड पुठ्ठ्याचा ठोकळा जोडा आणि तो डिकीच्या तोंडातून आत-बाहेर करून बघा. कमानीमागचा खळगा बऱ्याचदा आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असतो. तिथे थर मारले तर कडक झालेला साचा आत अडकतो, आणि मग तो कापून काढण्यावाचून इलाज नाही. जिथे पुठ्ठा अडतो ती बगल थर मारण्याआधीच फोमचा तुकडा किंवा पुठ्ठा लावून बुजवून टाका. एक लिटर गेला तरी चालेल, पेटी बाहेर निघाली पाहिजे. फोमवर टेप आणि फॉइलचं पूर्ण आवरण हवं. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन हे द्रावक थर्मोकोल अक्षरशः विरघळवतं. पुठ्ठा हातात असतानाच आणखी तीन गोष्टी बघून घ्या. स्टेपनी आणि जॅक काढता येतो ना, मागच्या दिव्याचा बल्ब बदलायला हात जातो ना, आणि मागच्या पॅनेलमध्ये केबिनची हवा बाहेर सोडणारी झडप असेल तर ती बंद होत नाही ना. ती झडप झाकली गेली तर काचांवर वाफ धरते आणि गाडीची दारं नीट लागत नाहीत, आणि कारण लवकर सापडत नाही.

रेझिन साधं जनरल पर्पज पॉलिएस्टर पुरतं. आयसोफ्थॅलिक मिळालं तर जास्त बरं, कारण ते उष्णता अधिक सोसतं आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी चांगलीच तापते. काचेच्या तंतूंची मॅट घ्या, विणलेलं कापड नको: चॉप्ड स्ट्रँड मॅट (तुकडे केलेल्या तंतूंची), ४५० ग्रॅम प्रति चौरस मीटरची. मॅटमधले तंतू ज्या बाइंडरने धरलेले असतात तो स्टायरीनमध्ये विरघळतो, म्हणून ती ओली झाली की मऊ पडते आणि कोपऱ्यात नीट बसते. इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनमध्ये स्टायरीन नसतं, त्यामुळे ही मॅट त्यात ताठच राहते. इपॉक्सी महाग म्हणून चांगलीच असणार असं समजून ती या मॅटवर ओतू नका. ४५० च्या मॅटचा एक थर हाताने मारला की साधारण १ मिमी जाडी येते आणि मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं. तुमच्या मापाच्या पेटीला चार-पाच किलो रेझिन धरा. रेझिन मेण नसलेलं, म्हणजे लॅमिनेटिंगचं मागा. त्याचा पृष्ठभाग हवेत थोडा चिकट राहतो आणि त्यावर दुसरा थर रासायनिकरीत्या धरतो. मेणवाल्या रेझिनवर प्रत्येक थराआधी घासावं लागतं.

रेझिन कडक करणारा हार्डनर, म्हणजे एमईकेपी, हा या सगळ्या कामातला सर्वांत धोकादायक पदार्थ आहे आणि त्याबद्दल मला कडक बोलायचं आहे. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. सगळीकडून बंद गॉगल लावल्याशिवाय त्याच्या बाटलीचं झाकण उघडायचं नाही. तुमच्या रेझिनमध्ये कोबाल्ट (वाळण्याचा वेग वाढवणारा पदार्थ) आधीच मिसळलेला नसेल आणि तो वेगळा दिला असेल, तर आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचा आणि मगच हार्डनर टाकायचा. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो; दोन्ही बाटल्या शेजारी ठेवूसुद्धा नका. स्टायरीनच्या वाफेसाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क लागतो. कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. सगळी दारं उघडी ठेवा, आणि गाडीच्या आत वाकून काम करायचं असल्यामुळे मास्क काढून ‘दोनच मिनिटं’ असं करू नका.

प्रमाण वजनाने घ्या: रेझिनच्या १ ते २ टक्के हार्डनर. उन्हाळ्यात १, थंडीत २. ३०० ग्रॅम रेझिनला ३ ते ६ ग्रॅम, सुई नसलेल्या सिरिंजने मोजून. एका वेळी यापेक्षा जास्त कालवू नका. कप हातात धरलेला असताना पंधरा-वीस मिनिटांत तो आधी कोमट लागतो, मग ब्रश थोडा ओढल्यासारखा चालतो आणि रेझिनमध्ये जेलीसारख्या गाठी दिसतात. त्या क्षणी थांबायचं. उरलेलं रेझिन मॅटवर थापून काही उपयोग नाही, ते मुरत नाही. तो कप बाहेर मोकळ्या जमिनीवर ठेवा, कचऱ्याच्या डब्यात नाही. साचून राहिलेलं रेझिन धूर येईपर्यंत तापतं. लवकर वाळावं म्हणून हार्डनर ३ टक्क्यांच्या वर नेलात तर थर ठिसूळ होतो.

गाडीत थर मारण्याआधी आतला कार्पेट काढायचा की ठेवायचा ते ठरवा. मी काढतो, जागा वाढते. मग मास्किंग टेपचे दोन आडवे-उभे थर, त्यावर अॅल्युमिनियम फॉइल, त्यावर मेण. बाकी डिकी, बंपर आणि मागची सीट जाड प्लॅस्टिकने झाका. रंगावर पडलेला रेझिनचा थेंब अॅसिटोनने पुसायला गेलात तर रंगही निघेल. साचा लागणार त्यापेक्षा चारी बाजूंनी तीन-चार सेंमी मोठा करा, कड नंतर कापायची आहे.

मॅट कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाडलेल्या कडेचे तंतू विरळ असतात आणि शेजारच्या तुकड्यात मिसळून जातात. कापलेली कड पायरीसारखी उठून दिसते. आधी फॉइलवर ब्रशने रेझिन लावा, त्यावर तळहाताएवढा तुकडा ठेवा, आणि ब्रश ओढायचा नाही, टोकाने ठोकत जायचं. पांढरी मॅट आधी राखाडी होते आणि मग एकदम पारदर्शक होऊन खालचं फॉइल चमकायला लागतं. ती चमक आली की तुकडा भिजला. जिथे पांढरट ठिपका राहील तिथे हवा आहे. खाचांच्या लोखंडी रोलरने ती कडेकडे ढकला. कोपरा अगदी काटकोनात असेल तर मॅट तिथून उचलली जाते, म्हणून तिथे आधी रेझिन-पुट्टीची छोटी गोलाई द्या. दोन थर झाले की थांबा आणि रात्रभर सोडा.

दुसऱ्या दिवशी साचा निघेल तो पोपडा असतो, हाताने वाकतो. घाबरू नका, तो फक्त आकार आहे. बाहेर काढल्यावर आतून आणखी चार थर मारा, एका बैठकीत दोनच. सगळे एकदम मारले तर उष्णतेने साचा मुरडतो. आडव्या सपाट भागांवर सात-आठ थरही जास्त नाहीत. कारण असं: भिंतीचा ताठपणा जाडीच्या घनात वाढतो. ३ मिमीची भिंत ६ मिमीची केली की ती दुप्पट नाही, आठपट ताठ होते. वक्र भाग मुळातच ताठ असतो, त्रास देतो तो सपाट. तळहाताहून मोठा सपाट भाग दिसला की आतून एमडीएफची पट्टी उभी लावून तिच्यावर मॅट चढवा. बोटाच्या पेरांनी सगळीकडून ठोकून बघा. आवाज सगळीकडे सारखा आणि कोरडा हवा. एखाद्या ठिकाणी ढोलकीसारखा घुमला तर तिथली भिंत सबवूफरबरोबर स्वतःही वाजणार.

आता साच्याच्या तोंडाची कड एका पातळीत कापा. त्या कडेच्या मापाची १२ मिमी एमडीएफची चौकट आतून मॅटने जोडा; कापड हिच्यावर ताणायचं आहे. साचा तोंड वर करून ठेवा, आत पातळ प्लॅस्टिक पसरा आणि थर्मोकोलचे बारीक मणी लिटरच्या मापाने ओतत काठोकाठ भरा. हे मोजमाप सगळे थर मारून झाल्यावरच करा. अर्धा चौरस मीटर पृष्ठभागावर ४ मिमी जाडी वाढली की २ लिटर जागा जाते, आणि २० लिटरच्या पेटीत ती चूक मोठी आहे.

समजा १३ लिटर भरले. आपल्याला हवे निव्वळ २०, अधिक सबवूफरच्या मागच्या भागाने व्यापलेली जागा साधारण दीड लिटर (नेमका आकडा कागदावर असतो), अधिक पट्ट्यांचा अर्धा, एकूण २२. म्हणजे कापडाच्या पुढच्या भागातून ९ लिटर मिळवायचे. तोंडाचं क्षेत्रफळ १२०० चौ. सेंमी आणि ज्या लाकडी रिंगवर सबवूफर बसतो तिच्या आतलं ५०० धरलं, तर छाटलेल्या शंकूचं सूत्र लावायचं: दोन्ही क्षेत्रफळं आणि त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ यांची बेरीज भागिले तीन, गुणिले उंची. सरासरी क्षेत्रफळ ८२५ येतं, आणि ९००० ला त्याने भागलं की उंची जवळपास ११ सेंमी. पण ताणलेलं कापड बाहेर फुगत नाही, आत ओढलं जाऊन खोलगट होतं. हिशेबात नसलेली ही खोट बहुतेक पेट्या लहान करते. म्हणून रिंग ११ ऐवजी १३ सेंमीवर उभी करा. थोडी मोठी झाली तर हरकत नाही. आत लाकडाचा ठोकळा चिकटवून घनफळ कमी करता येतं. थोडी लहान राहिली तर आत पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरा, पेटी काहीशी मोठी असल्यासारखी वागते. मात्र १२ लिटरची पेटी कापसाने २० ची होत नाही.

रिंग १८ मिमी एमडीएफच्या दोन चकत्या चिकटवून करा. स्क्रू थेट एमडीएफमध्ये मारू नका, दोन-तीनदा काढघाल केली की भोक सैल होतं. मागून टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे आट्यांचे नट) ठोका, आणि त्यांच्यात मेण लावलेले बोल्ट आधीच फिरवून ठेवा, म्हणजे आतून थर मारताना रेझिन आट्यांत शिरत नाही. रिंग लाकडी काड्यांवर गरम गोंदाने उभी करून पेटी एकदा गाडीत ठेवून बघा: डिकीचं झाकण बंद होतं का, मॅग्नेटच्या मागे निदान दोन-तीन सेंमी मोकळे आहेत का, बॅग सरकली तर कोनला लागेल का. सबवूफरचं तोंड कुठे आहे याने या वारंवारतांना फारसा फरक पडत नाही, कारण ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर असते. दिसायला आणि जपायला सोयीची दिशा निवडा.

कापड पॉलिएस्टरचं फ्लीस घ्या. ते जाड असतं, रेझिन भरपूर पितं आणि एकाच वेळेला दोन-तीन मिमीचं कवच देतं. आधी वर-खाली, मग डावीकडे-उजवीकडे, समोरासमोर स्टेपल मारत ताणा. एका टोकाकडून सुरू केलं तर सुरकुत्या दुसऱ्या टोकाला गोळा होतात. रेझिन सढळ हाताने लावा. वरून ओलं आणि मधून कोरडं राहिलेलं फ्लीस नंतर पापुद्र्यासारखं सुटतं. कडक झाल्यावर रिंगमधलं कापड कापा आणि त्या भोकातून हात घालून आतून मॅटचे तीन थर मारा. पेटीतलं सर्वांत कटकटीचं काम हेच आहे, आणि अनेकजण ते टाळून रेझिन-पुट्टीचं पातळ मिश्रण आत ओततात आणि पेटी फिरवतात. सांधे बुजवायला ते मिश्रण उत्तम, मीही ओततो. पण त्यात तंतू नसतात. वजन वाढतं, ताकद वाढत नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तडा जातो. चौकटीच्या सांध्यावर मॅट दोन्ही बाजूंना पाच-सहा सेंमी चढलेलीच हवी.

बाहेरच्या फिनिशबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कार्पेट चढवणार असाल तर ८० नंबरच्या पेपरने घासलं की झालं. रंग देणार असाल तर बाहेरून मॅटचा एखादा थर, त्यावर पुट्टी पातळ, ८० पासून १८० पर्यंत घासणं, प्रायमर आणि पुन्हा घासणं. फायबर घासताना धुळीचा मास्क आणि लांब बाह्यांचा शर्ट हवाच. काचेचे तंतू कातडीत रुतले की दिवसभर खाज थांबत नाही.

सबवूफर बसवण्याआधी टर्मिनलभोवती सिलिकॉन लावून ते पूर्ण सुकू द्या. ओल्या सिलिकॉनमधून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा बंद पेटीत कोंडू नयेत. गॅस्केट लावून बोल्ट समोरासमोर आवळा. मग कोन बोटांनी मध्याच्या दोन्ही बाजूंनी समान हलकेच दाबा, काही सेकंद धरून ठेवा आणि सोडा. तो सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे. झटकन परतला तर कुठूनतरी गळतीय. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून कोन दाबला की बुडबुडा जागा दाखवतो.

सबवूफरसकट पेटीचं वजन दहा किलोंच्या वर जातं, आणि जोरात ब्रेक लागला तर ती सुटून येता कामा नये. साच्यात आधीच लाकडी ठोकळे आणि टी-नट बसवून कंपनीने दिलेल्या बोल्टच्या जागांनाच ती बांधा. डिकीच्या जमिनीत ड्रिल मारण्याआधी गाडीखाली वाकून बघा, तिथे पेट्रोलची टाकी, तिच्या नळ्या आणि ब्रेकच्या लाइन असू शकतात. अॅम्प्लिफायर पेटीच्या भिंतीवर लावू नका, थरथरीने त्याचे सांधे सैल होतात; आणि त्याच्या मुख्य वायरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत ठेवा.

पेटी तयार झाली तरी लगेच गाडीत ठेवू नका. चार-पाच दिवस तोंड उघडं ठेवून उन्हात तापवा, म्हणजे रेझिन पूर्ण पिकतं आणि स्टायरीनचा वास उडून जातो. ओली पेटी बसवली तर तो वास कितीतरी आठवडे गाडीत राहतो. महिनाभराने रिंगचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा, कारण गॅस्केट दबून बसलेलं असतं आणि गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.